बेडूक मोजणारे सभ्य गृहस्थ

जिल्ह्याला एक नवा गोरा साहेब आला आणि त्याला बेडूक आवडत होते. एवढ्या एकाच कारणानं गोंदियातल्या चार सभ्य गृहस्थांनाही बेडूक आवडू लागले.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. आमचं गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. साहेब भंडाऱ्याला राही आणि दौऱ्यावर आला की गोंदियाला मुक्काम करी. त्यानं एक पत्रक काढलं होतं. सुशिक्षित लोकांनी आपापल्या भागातल्या बेडकांची, सापांची, सरड्यांची, कासवांची स्वखुशीनं पाहणी करावी. कोणता प्राणी कुठे आणि कोणत्या महिन्यात दिसला ते लिहून ठेवावं. मेलेले सापडले तर स्पिरिटच्या बरणीत जपून ठेवावेत. पत्रक मी स्वतः वाचलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. त्या साऱ्या प्रकरणात शहाणपणाची म्हणून तेवढीच एक गोष्ट होती, असं मला आजही वाटतं.

पत्रक आलं तसं मंडळ निघालं. अध्यक्ष झाले एक वकीलसाहेब. त्यांना सरकारी पदवी हवी होती आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांच्या खालोखाल भाताच्या गिरणीचे शेठ, रेल्वेतले एक हेडक्लार्क आणि हायस्कूलातले सायन्सचे मास्तर. या मास्तरांना बेडकाचं पोट कुठे असतं हे पुस्तकातून माहीत होतं, पण जिवंत बेडूक हातात आला की त्यांचा चेहरा पडायचा.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला होता आणि मी भावाच्या घरी राहत होते. माझं अक्षर चांगलं होतं आणि चित्रं बरी काढता येत होती. वकीलसाहेब आमच्या शाळा-समितीचेही अध्यक्ष होते. ते एक दिवस वर्गात आले, मुली उभ्या राहिल्या, आणि त्यांना खाली बसायलाही न सांगता ते मला म्हणाले, "बाई, मंडळाला चित्रं काढणारं कोणी नाही. दर रविवारी येत जा. स्वयंसेविका म्हणून."

मी विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"जमेल," ते म्हणाले आणि गेले. मुली अजून उभ्याच होत्या.

अशी मी स्वयंसेविका झाले. आमच्या शाळेचा शिपाईही असाच स्वयंसेवक झाला. पन्नाशीचा माणूस, नागऱ्याच्या पलीकडच्या खेड्यातला. बाकी सगळे त्याला 'ए' म्हणून हाक मारायचे. मी बाबा म्हणत असे, कारण ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. त्यांना रविवारची सुट्टी असायची, ती गेली. त्याबद्दल त्यांना कोणी विचारलंही नाही.

पहिली पाहणी नागऱ्याला झाली. श्रावणातली दुपार होती. बेडूक पाहायचे तर दिवस मावळल्यावर जावं लागतं हे गोंदियातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण मंडळींना संध्याकाळी चहा लागायचा. म्हणून दुपारी दोन टांगे करून आम्ही निघालो. देवळाजवळच्या बोडीवर, म्हणजे त्या लहानशा तळ्यावर, पोहोचलो. मंडळींनी झाडाखाली सतरंजी टाकली आणि डबे उघडले. हेडक्लार्कांनी वही काढून वर तारीख घातली. शेठजी छत्री घेऊन बांधावर चार पावलं गेले, त्यांचा बूट चिखलात रुतला, आणि ते परत येऊन बसले ते उठलेच नाहीत.

पलीकडच्या धानाच्या बांधीत बाया रोवणी करत होत्या. एकीनं कंबर सरळ केली आणि आमच्याकडे बघत ओरडून विचारलं, "काय हरपलं जी तुमचं?"

"बेंडकं पाहून राहिले," शिपाईबाबा बोडीतून म्हणाले. ते गुडघाभर पाण्यात होते.

"कायले?"

"मोजाले."

त्या बाया जे हसल्या ते बराच वेळ हसत होत्या. वकीलसाहेबांनी मान फिरवली. अडाणी लोकांना शास्त्र कळत नाही, असं काहीतरी ते मास्तरांना म्हणाले. मला तेव्हा त्या बायांचा हेवा वाटला. त्यांच्यात उभी असते तर मीही हसले असते.

बाबांनी बादलीत अकरा बेडूक आणले. हेडक्लार्कांनी ते मोजून वहीत लिहिले. मग बादली शेठजींपुढे गेली. त्यांच्याकडेही वही होती, त्यांनीही अकरा लिहिले. टांग्यात बसताना दोन्ही वह्यांची बेरीज झाली आणि साहेबाला कळवण्यासाठी बावीस हा आकडा निघाला. मी म्हटलं, "बेडूक तेच होते ना?" हेडक्लार्क म्हणाले, "निरीक्षकं दोन होती, बाई." निरीक्षकं. हा शब्द ते आयुष्यात पहिल्यांदा वापरत असावेत, त्याचं लिंगही त्यांना धड माहीत नव्हतं.

असेच चार-पाच रविवार गेले. फुलचूरला गेलो तेव्हा पाऊस होता, म्हणून कोणी टांग्यातून उतरलंच नाही. वहीत लिहिलं गेलं, 'या भागात बेडूक आढळत नाहीत.' टांग्याच्या दोन्ही बाजूंनी बेडूक इतके ओरडत होते की वकीलसाहेबांना हे वाक्य हेडक्लार्कांना दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं.

खरी पाहणी आठवड्यात व्हायची. ती मी आणि बाबा करायचो. बाबा शाळेत येताना वाटेत जे दिसे ते बघून येत, कधी ओल्या फडक्यात एखादा हिरवा बेडूक, कधी वाटेवर मेलेली सापसुरळी. मधल्या सुट्टीत मी चित्र काढी. चित्र काढायचं म्हणजे नुसतं बघून भागत नाही, बोटं किती, पडदा कुठपर्यंत, खवल्यांची रांग कशी, सगळं मोजावं लागतं. मला त्यात गोडी लागली. हे मी त्या मंडळींसमोर कधी कबूल केलं नसतं. ज्या गोष्टीला त्यांचा हात लागला होता ती आपल्याला आवडते, याची मला लाज वाटायची.

एकदा शाळेच्या कौलांतून एक बारीक साप खाली पडला. मुली किंचाळल्या. बाबांनी तो काठीनं उचलून बरणीत सोडला.

"हा कवड्या होय, बाई," ते म्हणाले. "याले विष नाई. पालीच्या मागं घरात येऊन राहते. लोकं दंडेकार समजून मारतेत याले."

दंडेकार म्हणजे मण्यार. तिचा दंश झाल्यावर सकाळ न पाहिलेली दोन माणसं माझ्या माहितीत होती. मी विचारलं, "मग फरक कसा कळायचा?"

"कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतेत. दंडेकाराचे मानेपाशी नसतेत, मागं शेपटाकडं साफ दिसतेत. अन् दंडेकाराच्या पाठीवर मधात मोठे खवले असतेत, एका रांगेत. जसा काही कणा वर आला."

मी त्या कवड्याचं चित्र काढलं, पाठीवरचे खवले एकेक करून. सगळे सारखे होते. चित्र झाल्यावर बाबांनी त्याला शाळेमागच्या कुंपणात सोडून दिलं.

भाद्रपद संपत आला तेव्हा निरोप आला की साहेब पुढच्या आठवड्यात येऊन मंडळाचं काम बघणार आहे. मग जी धावपळ झाली! रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत सभा भरली. टेबलावर बरण्या मांडल्या होत्या. एवढ्यात शेठजींच्या गिरणीतून एक हमाल तोंडाला फडकं बांधलेलं मडकं घेऊन आला. पोत्यांच्या थप्पीत साप निघाला होता. मारू नका, जिवंत आणा, असं शेठजींनी सांगून ठेवलं होतं, आणि हमालानं बिचाऱ्यानं ते ऐकलं होतं.

वकीलसाहेबांनी फडकं सोडून आत बघितलं. काळा साप, त्यावर पांढरे पट्टे, दोन हात लांब. वेटोळ्यात डोकं खुपसून निपचित पडला होता.

"कवड्या," ते म्हणाले.

मीही वाकून बघितलं. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची रांग होती.

"वकीलसाहेब, ही मण्यार आहे," मी म्हटलं.

"बाई, कवड्याचं चित्र तुम्हीच तर काढलंत."

"म्हणूनच सांगते. मानेपाशी पट्टे नाहीत. पाठीवरचे खवले बघा."

त्यांनी खवले बघितले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चार पुरुषांच्या सभेत एक मास्तरीण आपली चूक काढते, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. मग त्यांनी मडक्यात हात घातला आणि साप उचलला. भर कोर्टात पुरावा दाखवावा तसा हात वर धरून ते म्हणाले, "मण्यार असती तर चावली नसती?"

मण्यार दिवसा सुस्त असते. ती त्यांच्या मनगटावरून लोंबत होती आणि डोकं लपवायला जागा शोधत होती. शेठजींनी टाळी वाजवली. "वाह वकीलसाहब, कमाल कर दी!" मास्तर मात्र भिंतीला चिकटले होते. त्यांना पुस्तकातून तरी हे ठाऊक असणार. ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्या माणसाला मी नमस्कार केला नाही.

बाबा दाराशी उभे होते. वकीलसाहेबांनी त्यांना बोलावलं. "ए, इकडे ये. हे धर आणि बरणीत घाल. या बाईंची भीती जाऊ दे."

बाबा जागचे हलले नाहीत. "नाई धरत, साहेब. दंडेकार होय थो."

"मी सांगतो आहे, धर."

"तुमी सांगून राहिले, पण मी नाई धरत. खाली ठेवा थ्याले."

वकीलसाहेबांनी रागानं साप फरशीवर टाकला. तो सरळ पडवीच्या टोकाकडे निघाला. तिथे वर्गाचं दार होतं आणि त्या दारात शिवणाच्या जादा तासाला आलेल्या सहा-सात मुली गर्दी करून बघत होत्या. बाबांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि दोन फटक्यांत साप मारला.

मग जे झालं ते माझ्या समोर झालं. एका निरुपद्रवी, शास्त्राला उपयोगी प्राण्याची हत्या केली आणि अध्यक्षांचा हुकूम मोडला, असं म्हणून वकीलसाहेबांनी बाबांना तिथल्या तिथे नोकरीवरून काढलं. बाबांनी काठी होती तिथे ठेवली, शिपायाचा पट्टा काढून टेबलावर बरण्यांच्या शेजारी ठेवला आणि गेले. मुली रडत होत्या.

मेलेला साप बरणीत गेला. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, नाव लिहा. कवड्या."

आणि मी लिहिलं. सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं. त्या चौघांबद्दल मी इथे जे काही लिहिते आहे ते लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे किती उरतो हे मला कळत नाही. कारण त्यांच्यातल्या तिघांना निदान तो साप कोणता ते खरंच कळत नव्हतं.

चित्र मात्र मी घरी बसून काढलं, आणि ते खोटं काढणं हाताला जमेना. पाठीवरची मोठ्या खवल्यांची रांग जशी होती तशी उतरली. तेच चित्र मी बरणीखाली ठेवलं.

साहेब आला. उंच, उन्हानं भाजलेला, बोलायला कमी. त्यानं वह्या चाळल्या, फुलचूरच्या पानावर थांबून भुवई वर केली आणि पान उलटलं. मग त्या बरणीशी आला. बरणी उजेडात धरली, चित्र बघितलं, पुन्हा बरणी बघितली. नावाच्या चिठ्ठीवर बोट ठेवून वकीलसाहेबांशी तो इंग्रजीत बोलला. मला इंग्रजी वाचण्यापुरतं येत होतं, बोलणं भराभर झालं की कळत नसे. पण वकीलसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं आणि त्यांच्या वाक्यात 'मिस्टेक' हा शब्द होता, तेवढं कळलं.

मी मराठीत विचारलं, "काय म्हणाला साहेब?"

"चित्र छान आहे म्हणाले," वकीलसाहेब म्हणाले.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"नाव लिहिताना बाईंचा गोंधळ झाला, असं म्हणालो. काही हरकत नाही म्हणाले ते."

इतक्या सहज म्हणाले, जसं काही माझ्यावर उपकारच केले. त्या क्षणी माझी भीती कुठे गेली कोण जाणे. साहेबाला मोडकं हिंदुस्तानी येतं आणि त्यात मण्यारीला करैत म्हणतात, हे मी ऐकून होते. मी सरळ त्याच्यापुढे गेले आणि म्हटलं, "साहब, ये करैत है। शाला के चपरासी ने पहचाना था। इन्होंने नहीं माना, उल्टा उसी को नौकरी से निकाल दिया।"

साहेबानं ऐकलं. मान हलवली. "अच्छा, अच्छा," तो म्हणाला. "करैत. बहुत अच्छा." मग त्यानं खिशातून भिंग काढलं आणि पुढच्या बरणीतल्या बेडकाच्या बोटांकडे बघू लागला.

इतकंच. माणसाची रोजी गेली हे त्याच्या कानावरून वाहून गेलं, सापाचं नाव तेवढं पोहोचलं. तोवर मी त्याला इतरांपेक्षा वेगळा समजत होते. तो समज तिथेच संपला.

पण त्या भेटीचा एक परिणाम झाला, आणि तो आठवला की मला अजून हसू येतं. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांच्या पत्नीनं मला घरी बोलावलं. बाई भल्या होत्या. स्वयंपाकघरात बसवून हळूच विचारलं, "अहो, मण्यारीचं विष किती दिवसांनी चढतं हो?"

"का?"

"साहेब येऊन गेल्यापासून हे अंथरुणावर आहेत. जेवत नाहीत. बोटांना मुंग्या येतात म्हणतात. तळहातावर एक ओरखडा आहे, तो घटकेघटकेला बघतात. काल वैद्याला बोलावलं, आज मांत्रिक येऊन गेला."

साप हातात धरल्याला दहा दिवस होऊन गेले होते. मी म्हटलं, "वहिनी, तो ओरखडा कशाचा आहे?"

"मांजरीचा असेल हो. मला तरी तसंच वाटतं."

मी त्यांना सांगायला हवं होतं की काही होत नाही, चढायचं असतं तर त्याच दिवशी चढलं असतं. सांगितलंही. पण लगेच नाही. आधी त्यांनी केलेला चहा सावकाश प्यायले, मग सांगितलं. आतल्या खोलीतून कण्हल्याचा आवाज येत होता.

दिवाळीनंतर मी बाबांच्या गावी गेले. भावाला सांगितलं की नागऱ्याला दर्शनाला जाते. खळ्यात धानाची मळणी चालली होती. बाबा आता दुसऱ्याची जमीन ठेक्यानं करत होते. मला बघून त्यांनी बैल थांबवले, पण या-बसा म्हणाले नाहीत.

"बाबा, मी साहेबाला सांगितलं," मी म्हटलं. "तुम्ही ओळखलं होतं म्हणून सांगितलं."

"मंग?"

"तो काही बोलला नाही."

"नाईच बोलणार." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "बाई, बरणीवर कवड्या लिवलं म्हनून आयकलं. कोनं लिवलं?"

"मी."

"तुमाले मालूम होतं ना?"

"होतं."

"मंग काऊन लिवलं?"

"भीती वाटली, बाबा. नोकरीची."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. ज्या नजरेनं मी त्या मंडळींकडे रविवारमागून रविवार बघत आले होते, त्याच नजरेनं.

"मले बी होती नोकरी," ते म्हणाले आणि त्यांनी बैल हाकले.

त्यांच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी ते प्यायले आणि परत निघाले. पुन्हा त्या गावी जायचं धाडस मला कधी झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबाची बदली झाली. त्याच्या जागी आला त्याला गुलाबांचा शौक होता. पावसाळा आला, बोड्या भरल्या, आणि बेडकांकडे कुत्रंही फिरकलं नाही. बरण्या शाळेच्या फडताळात गेल्या. त्यातलं स्पिरिट हळूहळू उडून गेलं आणि वास यायला लागला तशा त्या नव्या शिपायानं फेकून दिल्या. वह्यांचं काय झालं मला माहीत नाही. वकीलसाहेबांना पदवी मिळाली, लोकसेवेबद्दल. त्यांचा सत्कार आमच्याच पडवीत झाला.

त्या हिवाळ्यात तीच मंडळी गुलाबांचं प्रदर्शन भरवू लागली. वकीलसाहेब वर्गात आले, मुली उभ्या राहिल्या. "बाई, बक्षिसाच्या कार्डांवर गुलाब काढून द्या. पंचवीस लागतील."

"मी काढणार नाही," मी म्हटलं.

हे म्हणायला मी रात्रभर तयारी केली होती. नोकरी जाईल, भाऊ काय म्हणेल, भावजय काय म्हणेल, सगळं मनात उभं करून झालं होतं.

"बरं," ते म्हणाले आणि शेजारच्या वर्गात गेले. तिथल्या बाईंचा हातही चांगला होता. त्यांनी आठवड्यात पंचवीस गुलाब काढून दिले. पुढे मला कोणी काही विचारलं नाही, बोललं नाही, माझा पगार थांबला नाही. 'नाही' म्हणायला एवढंच लागत होतं, त्या बरणीपाशीही.